पांढऱ्या धोतराची गुढी

दजला नदीकाठी, बसऱ्याच्या पुढं
ता. २८ जानेवारी १९१६

थोरल्या आक्कास धाकट्या गहिनीनाथचा नमस्कार. आमी दोघं खुशाल. तुमी समदे खुशाल असाल असं समजून लिहितो.

हे खत मोहनराव वाचून दाखवील. मोहनराव, अक्षराला हसू नको बे. तू पटवाऱ्याचा पोरगा, शाळेत बसून राहिलास. मी दुसऱ्या यत्तेत खिडकीतून उडी टाकून गेलो तो अजून चालतोच हाय.

आक्का, मागल्या खतात तू एकच विचारलंस, की मला परत आणायला धाडलेले दाजी स्वतःच पलटणीत कशापायी गेले. तर ऐक. नगरला भरतीच्या आवारात दाजी मला हुडकत आले तवा मी नाव देऊन बसलो होतो. दाजी साहेबाला म्हणले, "याला सोडा, याला घरी न्यायचा हुकूम हाय." साहेबानं विचारलं, "कोणाचा हुकूम?" दाजी म्हणले, "घरच्यांचा." समदे हसले. लिहिलेलं नाव कटत न्हाई असं कळल्यावर दाजी घडीभर उकिडवे बसले. मग म्हणले, "तर माझंबी लिहा. एकट्यानं परत गेलो तर याची आक्का मला दारात घ्यायची न्हाई." असं झालं ते.

आमचं काम डोलीचं. लढाईत पडलेल्या माणसाला डोलीत घालून डागदराच्या तंबूत आणायचं. पुढचा दांडा दाजी धरतात, मागचा मी. त्यामुळं हा एवढा मोठा मुलूख मला दाजींच्या पाठीएवढाच दिसतो. बंदूक आमाला न्हाई. दंडावर पांढरी पट्टी असती, तिच्यावर लाल फुली.

साहेबानं हिंदुस्थानीत समजावलं, की समद्या मुलखांच्या राजांनी एका गावात बसून लढाईचे कायदे ठरवलेत. फुलीवाल्याला मारायचं न्हाई. बंदूक टाकली त्याला मारायचं न्हाई. जख्मी पडला की तो कोणाच्याच बाजूचा राहत न्हाई, त्याला उचलायचं. पांढरं कापड दाखवत कोणी आला तर गोळी थांबवून त्याचं ऐकायचं. आणि खोटं पांढरं कधी दाखवायचं न्हाई, त्याच्यासारखा दगा दुसरा न्हाई. तुर्कांकडं फुलीच्या जागी लाल चांद, बाकी कायदा तोच.

मला वाटलं, साहेबाच्या बोलायच्या गोष्टी. पण मागल्या आठवड्यात मोठी लढाई झाली आणि नंतर दोन्हीकडच्या बंदुका खरंच थांबल्या. चिखलातून आमी आमचे उचलत होतो, ते त्यांचे. एका तुर्कानं दाजींना विडी दिली. दाजी ओढत न्हाईत, पण नको कसं म्हणावं म्हणून कानावर ठेवली. अजून हाय.

खाली दाजींनी नांगर काढलाय. त्यांना सही येत न्हाई, म्हणून ही खुशालीची खूण. नांगर दिसला की समज, दाजी नीट हायत.

तुझा गहिनीनाथ


आष्टी
माघ वद्य ६

चि. गहिनीनाथास आक्काचा आशीर्वाद. लिहिणार मोहनराव.

खत पोचलं. नांगर बरा आलाय. फाळ जरा मोठा झालाय, पण त्यांना शेतातबी फाळ मोठाच लागतो.

ते फुलीचं मला आवडलं न्हाई. आपल्याकडं किडक्या पोत्यावर फुली मारत्यात. मोहनराव म्हणतो, तसं न्हाई वहिनी, ती राखणीची खूण हाय. असंल.

राजांच्या कायद्याचं शेजारच्या भामाबाईला सांगितलं. ती म्हणाली, त्याला राजे कशाला लागत्यात. ती नवी नवरी असताना बांधावरून भावकीत कुऱ्हाडी निघाल्या, तवा ती भरली घागर डोक्यावर घेऊन मधून चालत गेली. घागर घेतलेली बाई मधी आली की हत्यार खाली, ही इथली रीत. मी विचारलं, कुणी ऐकलं नसतं तर? म्हणाली, "तर माझी घागर फुटली असती. आन मग गावात परत कुणी कुणाच्या घागरीला मानलं नसतं."

आता माझं ऐक. तुझ्यासाठी यांच्याजवळ नवं पांढरं धोतर दिलतं, त्याची तू घडीसुद्धा मोडली न्हाईस असं कळतं. तुझ्या अंगाला नवं कापड सोसत न्हाई ते मला ठावं हाय. मग पाडव्याला त्याची गुढी उभारा. पाडवा एप्रिल लागता लागता येतो, असं मोहनराव पंचांग बघून सांगतो. माझ्या घरची गुढी यंदा तुमी असाल तिथं उभी राहिली पायजे. लिंब न्हाई मिळाला तर कसलाबी पाला लावा. पण चुकू नका.

त्यांना सांग, वर्षाच्या आत या. तुला सांगत न्हाई, तू कुठं ऐकतोस.

शिवकन्या


दजला नदीकाठी
ता. ४ एप्रिल १९१६

आक्कास नमस्कार. तुझा हुकूम बजावला.

काल पाडव्याची गुढी उभारली. तंबूची काठी, तुझं धोतर, वर दाजींचा पितळी तांब्या. लिंब इकडं न्हाई, उंट खातात ती काटेरी झुडपं हायत, त्याचीच डहाळी बांधली. कुंकू नव्हतं म्हणून दाजींनी विटेचा भुगा लावला. खंदकाच्या पाठीमागं एक उंचवटा हाय, त्याच्यावर रोवली. वाऱ्यानं धोतर असं फडफडत होतं, की लांबून बघणाऱ्याला दिसावं.

आणि दिसलंच. समोर तुर्कांकडून रोज दिवसभर टकटक गोळ्या येतात, त्या एकदम बंद झाल्या. मी दाजींना म्हणलं, "यांचाबी पाडवा हाय काय?" तेवढ्यात एक तुर्क खंदकातून वर आला. हातात काठी, काठीला रुमाल. चालत आमच्याकडं यायला लागला. तवा आमच्या डोक्यात उजेड पडला. त्यांना वाटलं, आमी पांढरं निशाण लावलं. आमी इतके हसलो. तुझ्या धोतरानं घडीभर लढाई थांबवली बघ. मग दाजींनी गुढी उतरवली.

आज जास्ती लिहीत न्हाई. हुकूम आलाय, सामान बांधायचं हाय. खाली दाजींचा नांगर.

गहिनीनाथ


आष्टी
वैशाख शुद्ध ९

चि. गहिनीनाथास आक्काचा आशीर्वाद.

खत ऐकून भामाबाईला हसून हसून ठसका लागला. मीबी हसले. मग भाकरी थापताना ध्यानात आलं, की तू त्या रुमालवाल्या माणसाचं पुढं लिहिलंच न्हाईस. आला, मग? आपली गुढी बघून आलेला माणूस, म्हणजे आपल्या दारी आला म्हणायचं. गूळ नसंल, पाणी तरी दिलं का त्याला? परत नीट गेला का? मोहनरावाला दोनदा वाचायला लावलं. तो म्हणतो, वहिनी, एवढंच लिहिलंय.

आन नांगर अर्धवट हाय. रुमणं न्हाई त्याला. माणूस नांगराला रुमण्यापाशी धरतो, ते काढायचं त्यांनी कसं इसरलं? त्यांचं काय बिनसलंय ते विचार आन लिही.

इकडं ऊन लई हाय. बैल बरे हायत. त्यांना सांग, तांबडा आता माझ्या हातानं चारा खातो.

शिवकन्या


दजला नदीकाठी
ता. १८ जून १९१६

आक्कास नमस्कार. काम लई हाय, म्हणून खताला उशीर झाला. ऊन असं, की लोखंडाला हात लावला तर कातडी निघती.

तू विचारलेल्या माणसाला पाणी दिलं. दाजींनीच दिलं.

दाजींच्या हाताला लागलंय, म्हणून यावेळी नांगर न्हाई. काळजी करू नको. मी बरा हाय. आता पुढचा दांडा मी धरतो.

गहिनीनाथ


आष्टी
आषाढ वद्य ३

गहिनीनाथ,

हाताला लागलं म्हणतोस. कोणत्या हाताला ते लिहिलं न्हाईस. उजव्याला असंल तर डाव्यानं काढू दे. दोन्हीला असंल तर तोंडात पेन्सिल धरून काढू दे. कसाबी काढला तरी मी वळखीन.

पुढचा दांडा तू धरतोस, तर त्यांची पाठ कुठं गेली?

मोहनराव लिहिता लिहिता थांबला. मी म्हणलं, लिही.

रोज सकाळी कुंकू लावताना माझं बोट कपाळापाशी थांबतं. लावायचं का न्हाई, एवढं तरी मला कळू दे. भामाबाई म्हणती, सरकारी कागद येईस्तोवर लावायचं. कागद कुठून यायचा? आमी निजामाच्या मुलखातले, ते इंग्रजाच्या पलटणीत. दोघांच्या मधी कुठं पडून राहील तो कागद.

लहानपणी तू खोटं बोलायचास तवा लई थोडं बोलायचास. मागलं खत हाताच्या तळव्याएवढं हाय. आता खरं लिही, आन मोठं लिही.

शिवकन्या


दजला नदीकाठी
ता. २७ ऑगस्ट १९१६

आक्का, आता लावू नको.

दाजी न्हाईत. पाडव्याच्या पाठोपाठच गेले. मी हाताला लागलं म्हणून लिहिलं, तवा ते जाऊन दोन महिने झालते. तू अजून थोडे दिवस त्यांच्यासाठी कपाळ सजवावं, असं मला वाटलं. त्याच्यानं काय झालं ते तुझ्या खतात वाचलं.

तू पहिल्यापासून त्या रुमालवाल्याचं विचारत होतीस. त्याच्यापासूनच सांगायला पायजे.

गुढी आमच्या पाठीमागं होती, आणि आमचा पहारेकरी पुढं तोंड करून बसलेला. त्याला गुढी दिसतच नव्हती. गोळ्या कशापायी थांबल्या ते त्याला ठाऊक न्हाई. त्याला एवढंच दिसलं, की एक तुर्क बाहेर येऊन आपल्याकडं चालतोय. वाऱ्यानं रुमाल काठीला गुंडाळला होता. आमी मागं हसत होतो. आमी हसत असतानाच बार झाला आणि तो माणूस खाली बसला, दमून बांधावर बसावं तसा.

दाजी म्हणले, "आपण बोलावलं त्याला. आणायला आपणच जायचं." नुसती दंडावरची फुली घेऊन आमी दोघं मधल्या मोकळ्या रानातून गेलो. तुर्क आमच्यावर नेम धरून होते, पण एकानं गोळी सोडली न्हाई. कायदा त्यांनी पाळला, आक्का.

त्याला पोटात लागलं होतं. उचलून आणला. पोटात लागलेल्याला पाणी पाजायचं न्हाई असं डागदर सांगतो, म्हणून दाजींनी बोटं बुडवून त्याचे ओठ ओले केले. तेवढंच पाणी दिलं, ते मी खोटं लिहिलं न्हाई. पट्ट्या संपल्या होत्या. दाजींनी गुढी उतरवली, धोतर मधोमध फाडलं आणि अर्धं त्याच्या पोटाला बांधलं. तो सारखा काठीकडं बोट करून "बैराक, बैराक" म्हणत होता. आपल्याकडचे मुसलमान निशाणाला बैरक म्हणतात, त्यावरून मला उमगलं. निशाण तर तुमीच लावलं होतं ना, असं तो विचारत होता.

दाजी मला म्हणले, "त्याला सांग, आमचा सण होता." मला तुर्की कुठली येती. मी बाजारातल्या दख्खनीत म्हणलं, "ईद थी हमारी, ईद." त्याला ईद कळलं. राग आला असता तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. एवढ्यासाठी, असं त्याच्या तोंडावर होतं. दिवस मावळायच्या आत गेला.

दाजी साहेबाकडं गेले. म्हणले, पलीकडं निरोप धाडा, आमचा दगा नव्हता. साहेब वाईट न्हाई. तो म्हणला, "धोतर म्हणजे काय आणि गुढी म्हणजे काय, हे मी त्यांना कुठून सांगायला लागू? आणि आपला हल्ला ठरलाय." तरी त्यानं तुर्काच्या गळ्यातली चकती काढून त्याचं नाव उतरवून घेतलं. मेलेल्याचं नाव पलीकडं कळवायचं, असाबी कायदा हाय. दुसऱ्या दिवशी मी तुला गंमत म्हणून खत लिहिलं, तवा दाजी शेजारी बसले होते. मी वाचून दाखवलं. त्यांनी पेन्सिल घेतली, नांगर अर्धा काढला आणि पेन्सिल ठेवून उठले.

मग हल्ला झाला. मधल्या रानात आमची माणसं पडली होती, ओरडत होती. साहेब म्हणला, पांढरं निशाण घेऊन उचलायला जा. धोतराचा उरलेला अर्धा भाग होता. तो मी काठीला बांधला. दाजी म्हणले, "हे नको गहिन्या. हे त्यांनी बघितलंय. नुसत्या फुलीवर जाऊ." मी म्हणलं, "साहेबाचा हुकूम हाय." नगरला घरच्यांचा हुकूम सांगणारा माणूस तो, त्यानं साहेबाचा हुकूम मानला. पुढचा दांडा खांद्यावर घेतला.

थोडंच चाललो होतो. दांडा एकदम खाली गेला आणि मला त्यांची पाठ दिसायची बंद झाली.

मी तुर्कांना बोल लावत न्हाई. त्यांनी एकदा त्या कापडावर भरवसा ठेवून माणूस धाडला होता. भामाबाई म्हणाली तशी घागर फुटली, आणि ती त्यांच्या हातून न्हाई फुटली.

जाळायला लाकूड मिळेना. नदीकाठी माती दिली. धोतराचा तुकडा त्यांच्याच अंगावर घातला. कानावरची विडी तशीच होती.

नाव कटायला अजून अवकाश हाय. पण कटलं तरी मी आष्टीला येत न्हाई. मला न्यायला तू त्यांना धाडलं होतंस. मी एकट्यानं तुझ्या दारात कसा उभा राहू?

गहिनीनाथ


आष्टी
चैत्र शुद्ध १, पाडवा, इंग्रजी १९१७

चि. गहिनीनाथास आक्काचा आशीर्वाद.

तुझं खत वाचता वाचता मोहनराव उठून गेला. उरलेलं मी त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी वाचून घेतलं. त्याला सहा महिने झाले. काय लिहावं ते सुधरत नव्हतं. दोनदा त्याला बसवला आन दोनदा उठवला.

मधी मी त्या सरकारी कागदासाठी नगरला गेलते. भामाबाई संगं होती. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, नवऱ्याचं नाव काय. उखाण्याबिगर मी ते कधी घेतलं नव्हतं. म्हणलं, सुग्रीव. त्याला ऐकू गेलं न्हाई. परत विचारलं. मग मोठ्यानं सांगितलं, समद्या आवारात गेलं असंल. तिथंच कुठंतरी ते उकिडवे बसले असतील तवा. कारकून यादी बघून म्हणला, मेलेल्यांत हाय नाव, बरोबर हाय. बरोबर हाय म्हणला.

तू लिहितोस, मी गंमत लिहिली, मी काठीला बांधलं. गुढी उभारा म्हणून कुणी सांगितलं होतं? चुकू नका, असं मोहनरावाकडून मी लिहून घेतलं होतं. तू हे एकट्यानं उचलून फिरतोस ते चुकीचं हाय. एक दांडा माझ्याकडं हाय.

वर्ष सरलं न्हाई, म्हणून घरात सण न्हाई. काल मी गल्लीत घरोघर जाऊन सांगून आले, पांढरं कापड लावू नका. लोक म्हणले, "आष्टीत कोण तुर्क येतोय?" मी म्हणलं, कुणी येत न्हाई, तरी लावू नका. एकदोघं हसले. पण आज दारात उभं राहून बघितलं तर हिरव्या हायत, पिवळ्या हायत. भामाबाईनं तर तिचं लग्नातलं लाल लुगडं काढलंय, त्याला भोकं पडलीत. पांढरी एकबी न्हाई. मी उंबऱ्याबाहेर पाण्याची घागर भरून ठेवलीया. कशाला म्हणून कुणी विचारलं न्हाई.

आता तुला एक काम सांगते. त्या माणसाचं नाव साहेबानं उतरवून घेतलं म्हणालास. ते पलीकडं गेलं का विचार. न्हाई गेलं तर साहेबाच्या मागं लाग, तुझे दाजी लागले असते तसं. तिकडंबी कुणीतरी रोज सकाळी थांबत असंल. त्यांच्यात कुंकू न्हाई म्हणत्यात, पण काहीतरी असंलच. आन निरोपात लिहायला सांग, की तो रुमाल घेऊन आला होता, त्याच्या हातात बंदूक नव्हती. हे तिला कळलं पायजे.

तेवढं झालं की ये. दारात घ्यायची न्हाई असं मी कवा म्हणलं होतं? ते त्यांचं बोलणं. मी न्हाई म्हणलं कधी.

मोहनरावाला आता उठवते. खाली नांगर मी काढलाय. वाकडा आलाय. रुमणं काढलंय.

शिवकन्या